कै. अप्पासाहेबांची साठी

विद्याधर सोवनींनी काँप्युटरच्या पडद्यावर होणाऱ्या व्याह्यांचं नाव वाचलं, चष्मा काढून बनियनच्या टोकाला पुसला, पुन्हा वाचलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "हेमा, अप्पासाहेब मोहिते कालपर्यंत होते ना?"

"होते म्हणजे?" आतून हेमलताबाईंचा आवाज आला. "काल संध्याकाळीच रत्नाबाईंचा फोन होता. उद्या साठीला सकाळीच या म्हणाल्या. का हो?"

"इथं ते कैलासवासी झालेत."

हेमलताबाई हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आल्या. पडद्यावर अप्पासाहेबांचा फेटा बांधलेला फोटो होता, मोठा करून शिसवी चौकटीत बसवलेला. चौकटीच्या खालच्या अंगाला पितळी पट्टी होती आणि पट्टीवर सुबक देवनागरीत 'कै. अप्पासाहेब मोहिते' असं कोरलेलं होतं. हेही कमी पडलं म्हणून की काय, चौकटीला चंदनाचा हार घातलेला होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की, या आनंदाच्या प्रसंगी हार आमच्यातर्फे भेट.

"अगं बाई," हेमलताबाई म्हणाल्या. "हार तुम्ही मागवलात?"

"मी कशाला मागवतोय! मी फक्त फोटो आणि चौकट मागवली. गुरुवारी. तेव्हा हे जिवंत होते."

सोवनींची काळजी अनाठायी नव्हती. त्यांची केतकी आणि मोहित्यांचा गिरीराज यांचं जमून वर्ष होत आलं होतं. मोहित्यांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळूरला आलं ते इथलंच झालं. घरात बोलायचे ते मराठीच, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं, की सोवनींना पहिल्या भेटीत अर्धं कळलं नव्हतं आणि उरलेल्या अर्ध्याला त्यांनी मान डोलावली होती. अप्पासाहेबांची चिकपेटेत बटणं आणि लेस यांची पेढी होती. मुलानं बँकेतली नोकरी सोडून काँप्युटरवरच्या दुकानात जावं, हे त्यांना मुळीच रुचलं नव्हतं. "ज्या दुकानाला पायरी नाही ते दुकान कसलं?" असं त्यांचं म्हणणं. पोराचं मन पोटापाण्यात स्थिर होईतो लग्नाचं बोलायचं नाही, असं सांगून त्यांनी विषय टांगून ठेवला होता. साठीच्या दिवशी काय ते सांगतो, एवढं मात्र कबूल केलं होतं. म्हणजे उद्या.

त्या काँप्युटरवरच्या दुकानाचं नाव 'एनबेकू डॉट कॉम'. 'एन बेकू?' म्हणजे कन्नडमध्ये 'काय पाहिजे?'. हेमलताबाई त्याला पहिल्या दिवसापासून बेकूब डॉट कॉम म्हणत. पण होणाऱ्या जावयाच्या दुकानातूनच भेट पाठवली तर दोघांचाही मान राहील, ही कल्पना त्यांचीच होती. आता ती कल्पना कोणाची होती, याविषयी दोघांचंही मौन होतं.

सोवनी एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय तिथला साधा खिळासुद्धा बाहेर पडत नसे, आणि खिळा पास झाला तरी सोवनी रात्री अंथरुणात त्याच्याविषयी विचार करत. घरातला गॅस ते बंद करत, मग बंद आहे का बघत, मग बघितलं होतं का ते हेमलताबाईंना विचारत. मागवलेली चौकट कशी झालीय हे शनिवारी सकाळी उघडून पाहणं त्यांच्या स्वभावातच होतं. पाहिलं नसतं तर किमान शनिवार तरी सुखात गेला असता.

"ते 'बदल करा' असं बटण आहे बघा," झारा पडद्याकडे रोखून हेमलताबाई म्हणाल्या.

सोवनींनी बटण दाबलं. नाव पुसलं. 'अप्पासाहेब मोहिते' एवढंच, एकेक अक्षर मोजून मापून पुन्हा लिहिलं. मोडेम घशात खरखरला, पडदा पांढरा झाला आणि सावकाश वरून खाली उतरत चित्र आलं. चौकट तीच होती. खोक्यावर चिकटवायची चिठ्ठी मात्र शेजारी नव्यानं आली होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'कै. कै. अप्पासाहेब मोहिते'.

"दोनदा गेले," सोवनी म्हणाले.

"हात लावू नका आता! अजून जातील!"

"रद्द करतो."

रद्द करता येत नव्हतं. तयार चौकट परत घेतली जात नाही, असं दुकानानं नम्रपणे कळवलं आणि आणखी एका हाराची चौकशी केली.

उरला फोन. पण इंटरनेट फोनच्याच तारेवर चालत असल्यामुळे फोन लावायचा तर इंटरनेट सोडायला हवं होतं, आणि इंटरनेट सोडलं तर पडद्यावरचा पुरावा जाणार होता. सोवनींनी देवासमोरचा दिवा मालवावा तसं जड हातानं ते बंद केलं आणि नंबर फिरवला.

"एन बेकू?" पलीकडून आवाज आला.

हे दुकानाचं नाव की प्रश्न, हे सोवनींना कळेना. पंचवीस वर्षं बेंगळुरात काढून त्यांच्याकडे कन्नडचं भांडवल म्हणजे थोडं, बरं आणि नको यांपुरते स्वल्प, सरी, बेडा आणि चार भाज्यांची नावं. ते कारखान्यातल्या हिंदीवर आले.

"कौन बोल रहा है?"

"कल्लाप्पा सार. गिऱ्हाईक विभाग."

"देखो कल्लाप्पा, हमारे फोटो के ऊपर नाम के पहले कै लिखा है. वो निकालो."

कल्लाप्पानं कुठंतरी काहीतरी चाळलं. "मोहिते, जयनगर. हाँ सार. कै है. बराबर है."

"बराबर कैसे है? वो कै निकालो!"

"कै निकालेगा तो काच टूटेगा सार."

"काच टूटने दो!" सोवनींचा आवाज चिरकला. "अरे, आदमी जिंदा है!"

"हाँ सार," कल्लाप्पा समजुतीच्या सुरात म्हणाला, "जिंदा आदमी के ही कै में देता है. मरा हुआ कैसे लेगा?"

सोवनींनी रिसीव्हर खाली ठेवला. कल्लाप्पाच्या बोलण्यात काहीतरी तर्क होता आणि तोच त्यांना अधिक भेडसावत होता.

तेवढ्यात केतकी उठून आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गिरीराजला पेजरवर निरोप टाकला. गिरीराज शुक्रवारपासून ऑफिसातच होता. शुक्रवारी त्यांनी दुकानाची नवी आवृत्ती चढवली होती, आणि तेव्हापासून तिथली माणसं वरून फोडणी देऊन खालून भांडं गळतंय का बघत होती. पाऊण तासानं त्याचा फोन आला. सोवनींनी कान केतकीच्या कानाला लावला.

"गिरी, अरे त्या फोटोवर कै काय लिहिलंय?"

"दिसलं? मीच घातलं की ग ते!" गिरीराजच्या आवाजात झोप आणि अभिमान दोन्ही होतं. "शुक्रवारीच. बरं दिसतंय ना? अप्पांच्या नावाला तर पाहिजेच. थांब ग, इथं सगळं बंद पडलंय, उद्या भेटू."

फोन ठेवला गेला.

"मुलगा स्वतःच्या बापाला..." हेमलताबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. "आणि वर विचारतो, बरं दिसतंय ना!"

"इस्टेटीसाठी असेल का?" सोवनींनी खालच्या आवाजात विचारलं.

"बाबा! बटणांची पेढी आहे ती!"

"बटणं का होईनात."

"तो तसा नाहीये," केतकी म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. "काहीतरी गोंधळ आहे. उद्या अप्पांनी ते सगळ्यांसमोर उघडलं ना बाबा, तर संपलंच. ते म्हणतील, याच्या दुकानानं मला मारलं. मग ना नोकरी ना लग्न."

त्या रात्री सोवनींनी गॅस बंद आहे का, हे एकदाही पाहिलं नाही. हेमलताबाई त्यामुळे जाग्या राहिल्या.

रविवारी सकाळी मारतहळ्ळीच्या घरून जयनगरपर्यंतच्या रिक्षेत सोवनींनी बेत सांगितला. खोकं घरात शिरायच्या आधी फाटकातच गाठायचं, रिक्षात टाकायचं आणि भेट उद्या येईल असं सांगायचं. लबाडी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. त्यामुळे बेत त्यांनी तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा तो नापास झाला.

मोहित्यांच्या दारात मांडव होता, केळीचे खांब होते आणि सनईची कॅसेट होती. सोवनी फाटकाशी असे उभे राहिले, की येणारे पाहुणे त्यांनाच नमस्कार करून आत जाऊ लागले. दोघांनी त्यांच्या हातात अहेरसुद्धा ठेवला. एवढ्यात मोपेडवरून एक माणूस आला. मागं चौकोनी खोकं बांधलेलं होतं आणि खोक्यावर, लांबूनही वाचता येईल अशा अक्षरांत, अप्पासाहेब दोनदा गेलेले होते.

"इकडे द्या," सोवनी पुढं झाले.

माणसानं खोकं छातीशी धरलं. "अप्पासाहेब?"

"मला द्या ना. मी घरचाच."

"इल्ला सार. कै. कै." चिठ्ठीवर बोट ठेवून तो ठामपणे म्हणाला. "अप्पासाहेब यारु? कौन?"

सोवनींनी मांडवाकडे पाहिलं. केतकी खांबाआडून हात जोडून उभी होती. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मी. मीच अप्पासाहेब."

"अस्सं?" त्यांच्या पाठीमागून एक भरदार आवाज आला. "मग मी कोण ओ, सोवनीसाहेब?"

अप्पासाहेब मोहिते कोशा पटक्यात, गळ्यात तुळशीच्या माळांसारखे चार हार घालून उभे होते. बाजूला रत्नाबाई. दोघांच्या मागं निम्मा जयनगर.

"नाही म्हणजे, उचलायला जड असेल म्हणून..." सोवनी म्हणाले.

"बन्नी, बन्नी, आत बसा की. स्वल्प घाम आलाय तुमास्नी. रत्ना, ताक दे ग यांना." आणि अप्पासाहेबांनी खोकं आपल्या हातात घेतलं. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. कपाळाला आठ्या पडल्या.

सोवनींनी मांडवाचा खांब धरला.

"गिरी!" अप्पासाहेब गरजले. "इकडं ये रे!"

गिरीराज दोन दिवसांच्या दाढीसकट आतून धावत आला.

"ह्ये तुझ्या दुकानाचं?"

"हो अप्पा."

"ह्ये कै. कै. कुणी लिवलं?"

"कै मी घातलंय अप्पा. पण दोनदा कसं..."

अप्पासाहेब पाहुण्यांकडे वळले. "बघा. बघून घ्या समद्यांनी. ह्याला म्हणत्यात मानमर्यादा! माझ्या पेढीतनं चाळीस वर्षं माल जातोय, कुणी कधी असं लिवलं? कै, म्हणजे हातात द्या. आणि दोनदा लिवलंय, म्हणजे?" त्यांनी खोकं कपाळाला लावलं. "दोन्ही हातांनी द्या!"

मांडवात 'वा' उमटली. सोवनींनी ताकाचा पेला तोंडाला लावला आणि तो रिकामा आहे, हे त्यांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

कन्नडमध्ये कै म्हणजे हात. बेंगळुरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट सोवनींच्या चार भाज्यांत बसली नव्हती. आणि मोहित्यांच्या घरी शिक्षण पिढ्यान् पिढ्या कन्नडमध्ये. मराठी बोलायची, वाचायची ती आरतीपुरती. त्यांच्या दिवाणखान्यात वडिलांचा फोटो होता त्याच्यावर कन्नडमध्ये 'दि. मालोजीराव' असं होतं, दिवंगतमधला दि. कैलासाला त्या घरातून कोणी गेलंच नव्हतं.

मग खोकं फोडलं. चौकट निघाली. पितळी पट्टी निघाली. चंदनाचा हार निघाला. हेमलताबाईंनी पदर तोंडाला लावला.

"चंदनाचा!" रत्नाबाईंचे डोळे भरून आले. "अक्का, केवढा मान केला ओ तुमी. मागं कुणी मोठे साहेब आले होते सत्काराला, त्यास्नीच घातला होता असला."

अप्पासाहेबांनी फोटोवरचा हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि फोटो दिवाणखान्यात, वडिलांच्या शेजारी, तिथल्या तिथं खिळा ठोकून लावला. लोक येऊन पाया पडू लागले. कोणी अप्पासाहेबांच्या पडत, कोणी फोटोच्या. सोवनी त्या खिळ्याकडे बघत होते. तो नीट बसलेला नव्हता, पण आज त्यांना बोलायचं नव्हतं.

केतकीनं गिरीराजला गच्चीच्या जिन्यात गाठून मराठीतला कै. म्हणजे काय ते सांगितलं. गिरीराज जिन्यातच बसला.

"काका," सोवनींना पाहून तो उठला, "स्वल्प घोटाळा झालाय. काचेचा माल ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, म्हणून आमच्याकडं नावाच्या आधी कन्नडमध्ये कै अशी खूण असते. शुक्रवारी आम्ही मराठी अक्षरं चालू केली. मग त्या खुणेचंबी मराठी झालं."

"आणि टिंब?"

"टिंब काँप्युटरनं दिलं. एकच अक्षर आहे म्हणजे संक्षेप असणार, असं त्याला वाटलं."

"पण ती पोचवणाऱ्यासाठीची खूण. पट्टीवर कशी गेली?"

"नाव म्हणून जे असेल ते सगळीकडं जातं काका. खूण नावाला चिकटून बसली. चिठ्ठीवर ती वेगळी छापली जातेच, म्हणून तिथं दोनदा झाली. फोटोला हार पण शुक्रवारीच चालू केला."

"हे तपासलं कोणी?" सोवनींच्या तोंडून आयुष्यभराचा प्रश्न बाहेर पडला.

गिरीराजनं मान खाली घातली. "मीच. मराठी येणारा कंपनीत मी एकटाच. मला बरोबरच वाटलं."

"मग आत्ताच्या आत्ता जाऊन ते..."

"बाबा," केतकी त्यांच्या पायावर पाय देत म्हणाली, "एक अक्षर काढू नका."

कारण मांडवात अप्पासाहेब बोलायला उभे राहिले होते. पोराच्या दुकानाला पायरी नाही, पण रीत आहे, असं ते म्हणाले. बँकेनं आपल्याला उभ्या आयुष्यात दोन्ही हातांनी काही दिलं नाही, असंही म्हणाले. आणि सोवनींकडे बघून, सगळ्यांच्या साक्षीनं, केतकी आमची झाली असं जाहीर करून त्यांनी पेढा पुढं केला. सोवनींनी तो दोन्ही हातांनी घेतला. एका हातानं घेण्याची त्यांची छाती झाली नाही.

महिनाभरानं एका संध्याकाळी गिरीराज मारतहळ्ळीला आला. हातात छापील पाकिटांचा नमुना होता आणि चेहरा पडलेला.

"अप्पांचा हट्ट आहे काका. लग्नाच्या पत्रिका पोस्टानं टाकायच्या नाहीत, हातातच द्यायच्या. आणि पाकिटावर तसं लिहिलंच पाहिजे म्हणतात. माझ्या दुकानातूनच छापायच्या."

"आमच्या पुण्याच्या नातेवाइकांच्या पत्रिकाही?" हेमलताबाईंनी विचारलं.

"सगळ्याच."

सोवनींच्या डोळ्यांपुढून पुण्यातली मंडळी एकामागून एक सरकली. सगळ्यांची वयं आपल्या नावाआधी कै. वाचून दचकण्याची होती. "तू अप्पांना सांगून टाक ना, मराठीत याचा अर्थ काय ते."

"सांगू? फोटो आजोबांच्या शेजारी लावलाय काका. रोज सकाळी आई त्याला उदबत्ती ओवाळते. काय म्हणून सांगू?" त्यानं नमुना पुढं केला. "कंपनीत आता नियम केलाय. तपासल्याची सही असल्याशिवाय काहीच पुढं जात नाही. मराठी तपासणारं दुसरं कोणी नाही. तुम्ही सही केली तर छापतात, नाही केली तर थांबतं. तुम्हीच ठरवा."

सोवनींनी चष्मा लावला. पहिलं पाकीट रीतीप्रमाणे देवाचं होतं: 'कै. श्री गजानन'. त्याला हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. पत्ता बरोबरच होता. दुसरं पाकीट मोहित्यांच्या व्याह्यांचं होतं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं. आतल्या खोलीत केतकी काहीतरी गुणगुणत होती. मग ज्या हातानं कधी वाकडा खिळा पास केला नव्हता, त्या हातानं त्यांनी खाली लिहिलं, 'तपासले. योग्य.' आणि सही ठोकली.

"खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात," ते म्हणाले. "पुण्याची मंडळी दीर्घायुषी होतील."

हेमलताबाईंनी ते दुसरं पाकीट त्यांच्या हातून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. "'कै. विद्याधर सोवनी व सौ. हेमलता सोवनी.' अहो, तुम्ही कै. आणि मी सौ.? एवढा जन्म तपासण्यात घालवलात, आणि हे दिसलं नाही?"

सोवनींनी पाकीट परत घेतलं. पास केलेला माल पुन्हा उघडायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. त्यांनी पेनचं टोपण काढलं, 'सौ.'च्या आधी नीट जागा पाहून एक 'कै.' बसवला आणि टिंबही दिलं.

"आता?"

"आता बरोबर," हेमलताबाई म्हणाल्या. "आपण दोघांनी एकदमच गेलेलं बरं. लग्नाला."